नातीला घेऊन विज्ञान केंद्रात: एका फेरीत चारच यंत्रं

मुलांना घेऊन कुठल्याही वस्तुसंग्रहालयात गेलं की आपलं अर्धं लक्ष त्यांच्या हातांकडे असतं. "हात लावू नकोस" हे वाक्य दर पाच मिनिटांनी तोंडातून निघतं. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जाताना हे वाक्य घरी ठेवून जायचं. तिथे कळ दाबायची, चाक फिरवायचं, दोर ओढायचा, नळीला कान लावायचा. हात लावला नाही तर तिथे बघण्यासारखं फारसं काही उरत नाही.

हे सगळं ठाऊक असूनही पहिल्या फेरीत मी घोटाळा केला. नात तेव्हा चार वर्षांची होती. मी परळच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर म्हणून उभी हयात काढलेली. कप्पी, गिअर, तरफ म्हणजे माझ्या घरचंच कार्य. मी बोलत सुटलो. ती कळीला हात घालायच्या आत मी दाबून दाखवायचो आणि वर दोन मिनिटं समजावून सांगायचो. तीन तासांत जेवढं दाखवता येईल तेवढं दाखवलं. रात्री तिच्या बाबानं विचारलं, काय काय पाहिलंस? ती म्हणाली, "तिथे मांजर होतं. त्याचा एक कान अर्धाच होता."

त्यानंतर आमच्या पाच फेऱ्या झाल्या. हळूहळू मी गप्प बसायला शिकलो. खालचं सगळं त्या पाच फेऱ्यांमधलं आहे, आणि ते साधारण साडेतीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याहून मोठी मुलं आपली आपण धावतात, त्यांच्यासाठी फक्त भेटायची जागा ठरवून ठेवा.

आधी पत्ता नीट बघा

वरळीत दोन 'नेहरू' आहेत. एक नेहरू तारांगण, ते नेहरू सेंटरच्या आवारात, ॲनी बेझंट रोडवर. दुसरं नेहरू विज्ञान केंद्र, ते डॉ. ई. मोझेस रोडवर. टॅक्सीत बसून नुसतं "नेहरू" म्हटलंत तर भलत्याच फाटकाशी उतराल. मुलाला "आपण यंत्रं खेळायला चाललोय" असं सांगून तारांगणाच्या दारात उतरवलं तर पुढचा अर्धा तास कसा जातो, हे आमच्या शेजाऱ्यांना विचारा.

पश्चिम रेल्वेचं महालक्ष्मी स्टेशन सर्वांत जवळचं. तिथे फक्त धीम्या गाड्या थांबतात. आम्ही डोंबिवलीहून येतो, दादरला बदलतो आणि चर्चगेटकडची धीमी धरतो. स्टेशनाबाहेरून टॅक्सी करा. चालत अंतर मोठ्या माणसाला काहीच नाही, पण लहान मुलाचे पाय आत गेल्यावर लागणार आहेत, ते रस्त्यावर खर्च करू नका. वेळ हाताशी असेल तर धोबीघाट पुलावरून दाखवा. इतके कपडे एका जागी वाळताना पोरांनी पाहिलेले नसतात.

आता भुयारी मेट्रोही आहे. आरे ते कफ परेड या मार्गावर 'सायन्स सेंटर' नावाचंच स्टेशन आहे, आचार्य अत्रे चौक आणि महालक्ष्मी यांच्या मधलं. लिफ्ट आहे, गर्दीत रेटारेटी नाही. एक धोका मात्र आहे. सरकत्या जिन्यावर मूल इतकं रमतं की त्याच्या मते सहल तिथेच झालेली असते.

दिवस आणि वेळ

केंद्र वर्षातले जवळजवळ सगळे दिवस उघडं असतं, होळी-दिवाळीची सुट्टी सोडली तर. तरी तिकिटाचे दर आणि वेळा निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या, त्या बदलत असतात.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांच्या सहली सुरू होतात आणि फेब्रुवारीपर्यंत चालतात. एका बसमधून पन्नास पोरं उतरतात, आणि ती पन्नास एकाच यंत्राकडे धावतात. त्यात साडेतीन फुटांची नात म्हणजे लाटेतली चप्पल. म्हणून त्या महिन्यांत जायचंच असेल तर दार उघडताना हजर राहा. सहलींच्या बस साधारण अकराच्या सुमारास येऊ लागतात असं मी पाहिलंय. तोवर तुमचा निम्मा कार्यक्रम उरकलेला असतो. मला स्वतःला जून-जुलैमधला मंगळवार-बुधवार आवडतो. शाळा नुकत्या उघडलेल्या असतात, सहली कुणाच्या डोक्यात नसतात. पाऊस असतो खरा, पण आतलं दालन तर भिजत नाही. रविवारी गेलात तर तो निर्णय तुमचा.

पिशवी

पायात घट्ट बसणारे पट्ट्याचे बूट किंवा सँडल. चप्पल नको, झोपाळ्यावरून आणि पायऱ्यांवरून ती निसटते. फ्रॉकऐवजी पँट, कारण सी-सॉवर चढायचं असतं. गळ्यात माळ, ओढणी, लोंबणारी नाडी असलं काही नको. फिरत्या चाकापाशी मी कामगारांनाही हेच सांगायचो. कपड्यांचा एक जादा जोड. बागेसाठी टोपी. खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी, आणि ती खिशात आहे हे मुलाला सांगून ठेवा.

खायला कोरडं आणि हातात धरता येईल असं: थालीपीठ, गुळपोळी, केळं. निघण्याआधी पोटभर खाऊ घाला आणि डबा बागेतल्या सावलीसाठी ठेवा. खाण्याआधी हात साबणानं धुवा. दिवसभरात शेकडो हात त्या कळांवरून गेलेले असतात.

घरचं खेळणं बरोबर घेऊ नका. ते हरवतं, मग सगळा दिवस त्याच्या शोधात जातो.

सुरुवात बागेतून

तिकीट काढलं की लोक सरळ इमारतीत शिरतात. तसं करू नका, आधी बाहेरच्या विज्ञान उद्यानात जा. या केंद्राची वाढही त्याच क्रमानं झाली. १९७७ साली प्रकाश आणि दृष्टी या विषयावरचं पहिलं प्रदर्शन झालं, १९७९ साली म्हणजे आंतरराष्ट्रीय बालवर्षात ही बाग सुरू झाली, आणि पूर्ण केंद्र लोकांसाठी खुलं व्हायला ११ नोव्हेंबर १९८५ उजाडलं. सहा वर्षं मुलं बागेतच विज्ञान खेळत होती.

मुलाच्या दृष्टीनंही हेच बरं. ट्रेनमध्ये दीड तास बसून आलेल्या पोराला लगेच बंद दालनात नेलं तर ते यंत्रांकडे बघत नाही, नुसतं पळतं. बागेत पळून घेऊ द्या.

बागेत रेल्वेचं जुनं इंजिन आहे, ट्राम आहे, वाफेवर चालणारी लॉरी आहे, आवाजापेक्षा वेगानं उडणारं विमान आहे. मुंबईतली ट्राम १९६४ साली बंद झाली. मी तेव्हा गावाला होतो, त्यामुळे ट्राममध्ये कधी बसलो नाही. इथे तिच्याजवळ उभा राहतो तेवढंच. इंजिनाशी मात्र माझा पाय निघत नाही. मी कामाला लागलो तेव्हा वाफेची इंजिनं जात चालली होती. एकदा मी कनेक्टिंग रॉडकडे बघत उभा असताना नात माझा सदरा ओढून म्हणाली, "आबा, तुझं झालं का?" असो.

अशा बागेत समोरासमोर उभ्या केलेल्या दोन मोठ्या, ताटासारख्या खोलगट तबकड्या असतात. एका तबकडीच्या मध्यासमोरच्या गोल कड्याशी तोंड नेऊन कुजबुजायचं, दूरच्या दुसऱ्या तबकडीपाशी उभ्या असलेल्या माणसाला ते कानाशी बोलल्यासारखं ऐकू येतं. मधल्या माणसांना काहीच कळत नाही. पहिल्यांदा मी नातीला इकडे उभं केलं, स्वतः पलीकडे गेलो आणि कान लावला. मला वाटलं, "हॅलो आबा" येईल. आलं ते असं: "आबा, मला शू आली."

यातून दोन गोष्टी घ्या. एक, आत शिरल्या शिरल्या स्वच्छतागृह कुठे आहे ते बघून ठेवा आणि मुलाला आधीच नेऊन आणा. दुसरी, यंत्र कसं चालतं ते सांगायची घाई करू नका. आवाज वक्र पृष्ठभागावर आपटून सरळ रेषेत पलीकडे जातो आणि तिथली तबकडी तो पुन्हा एका बिंदूत गोळा करते, हे तुम्ही मनात ठेवा. तिला फक्त एवढंच म्हणा, "कड्यापासून थोडं बाजूला होऊन बोल बरं." बाजूला झालं की आवाज हरवतो. परत कड्याशी आलं की सापडतो. चार वेळा तिनं ते स्वतः केलं की नेमकी जागा तिला ठाऊक होते.

दोर संपतच नाही

आता जे सांगतोय त्यासाठीच खरं म्हणजे हा लेख लिहायला घेतला.

ओळीनं तीन खुर्च्या. प्रत्येकीला वरून दोर, आणि दोर कप्प्यांवरून फिरवून पुन्हा बसणाऱ्याच्या हातात. स्वतःच स्वतःला उचलायचं. पहिल्या खुर्चीला कप्पी कमी, पुढच्या खुर्च्यांना वाढत्या. वजन जितक्या दोरांमध्ये वाटलं जातं तितका जोर कमी लागतो, आणि तितकाच दोर जास्त ओढावा लागतो. हे मी वर्कशॉपात नव्या पोरांना शिकवायचो, चेन-ब्लॉक, म्हणजे साखळी ओढून वजन उचलायचं कप्प्यांचं यंत्र, दाखवून. फुकट काही मिळत नाही, हे त्यांना पटायला आठवडा लागायचा.

तिसऱ्या फेरीत नात या खुर्च्यांपाशी थांबली. मी दोन पावलं मागे उभा राहिलो आणि हात पाठीमागे बांधले. पहिल्या खुर्चीत ती बसली, दोर ओढला, चेहरा लाल झाला, खुर्ची हलली नाही. उतरली. मला तोंडावर आलं होतं, "त्या पलीकडच्या खुर्चीत बस." गिळलं. ती पलीकडच्या शेवटच्या खुर्चीत गेली. दोर ओढला, खुर्ची अलगद उचलली गेली. ती हसली. मग ओढतच राहिली. हातावर हात, हातावर हात. वर जाणं मात्र मुंगीच्या पावलानं. मध्येच थांबून तिनं खाली साठलेल्या दोराच्या वेटोळ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आबा, हा दोर संपतच नाही!"

झालं. जे मी फळ्यावर लिहून सांगितलं असतं ते तिनं हातानं मोजलं होतं. मी फक्त "हो ना?" म्हटलं. ती पुन्हा पहिल्या खुर्चीकडे गेली, पुन्हा अडली, पुन्हा शेवटच्या खुर्चीत. त्या एका जागी आमची पंचवीस मिनिटं गेली. मागे रांग झाली तेव्हा उठवलं, रांगेच्या शेवटी उभे राहिलो आणि परत बसवलं.

दोन सूचना. मुलाचा हात कप्पीजवळ जाणार नाही याकडे डोळ्यात तेल घालून बघा. आणि दोर एकदम सोडायचा नाही, हे बसण्याआधी सांगा. गप्प बसायचं म्हणजे एवढंही बोलायचं नाही असं नाही.

आत गेल्यावर

इमारत काँक्रीटची, जाडजूड. तिचे वास्तुविशारद अच्युत कानविंदे, आमच्या मालवण तालुक्यातल्या आचऱ्याचे. नातीला याच्याशी देणंघेणं नाही, मला मात्र प्रत्येक वेळी सांगावंसं वाटतं.

पाचशेच्या वर हाताळायची उपकरणं या केंद्रात आहेत. सगळी बघायची म्हटलं तर एकेकाला अर्धं मिनिटही येत नाही. म्हणून आमचा नियम: एका फेरीत चार. बागेतली दोन, आतली दोन. वाटेत आणखी कशाला हात लागला तर लागू द्या, पण थांबायचं चार ठिकाणी. कुठली चार, हे तिनं ठरवायचं. मी एखादं दाखवलं आणि तिनं नाक मुरडलं तर पुढे जायचं. गेल्या वेळी निवडलेलंच तिनं पुन्हा निवडलं तरी हरकत नाही. तिकिटाचे पैसे वसूल झाले पाहिजेत, हा विचार या आवारात सर्वांत जास्त नुकसान करतो.

आरसे हे लहान मुलांसाठी हुकमी. बाहेर फुगलेल्या आरशात माणूस बुटका, आत खोल गेलेल्या आरशात जवळून मोठा आणि लांबून उलटा. मुलाला खोलगट आरशापासून एकेक पाऊल मागे जायला सांगा. एका पावलावर चेहरा पसरून नाहीसा होतो आणि पुढच्या पावलाला डोकं खाली पाय वर होऊन परत येतो. ते पाऊल कुठलं, हे शोधण्यात मूल रमतं. तुम्हीही खाली बसून तिच्या उंचीवरून बघा. उभ्यानं तुम्हाला जे दिसतं ते तिला दिसत नसतं, आणि आपण उगाच म्हणत राहतो, "दिसलं ना? दिसलं ना?"

काही दालनांत अंधार असतो, काही ठिकाणी अचानक आवाज होतो. मूल बिचकलं तर कडेवर घेऊन दारातूनच बघा. "त्यात काय घाबरायचं?" म्हणत आत ओढू नका. आमची नात पहिल्या दोन वेळा प्राचीन प्राण्यांच्या बाजूला फिरकली नाही, तिसऱ्या वेळी आपण होऊन माझं बोट धरून गेली. थ्रीडी सिनेमा पाच वर्षांखालच्या मुलांना दाखवायच्या फंदात पडू नका. चष्मा नाकावरून घसरत राहतो.

मोठ्यांनी काय करायचं

बहुतेक वेळ काहीच नाही. हे अवघड आहे. मी एक युक्ती केली: पाण्याची बाटली दोन्ही हातांत धरून ठेवायची, म्हणजे हात आपोआप कळीकडे जात नाही.

यंत्राशेजारचा फलक तुम्ही मनात वाचा, मुलाला वाचून दाखवू नका. "कळलं का?" हा प्रश्न विचारूच नका. त्याला मुलं "हो" म्हणतात आणि विषय संपतो. त्याऐवजी "जोरात फिरवलं तर काय होईल?", "आता उलटं फिरवून बघूया का?" असं काही विचारा, ज्याचं उत्तर हातानं द्यावं लागतं. तिनं "असं का होतं?" विचारलं आणि तुम्हाला येत नसेल तर सरळ "मलाही नाही माहीत" म्हणा. येत असेल तर एका वाक्यात सांगा. दुसरं वाक्य तिनं मागितलं तरच.

मोठी मुलं पुढे घुसतात. त्यांच्यावर ओरडण्यापेक्षा मुलाला "दादा, आता माझी पाळी" हे वाक्य घरीच शिकवून न्या. बहुतेक दादा ऐकतात. हात लावायच्या अशा कुठल्याही ठिकाणी एखाददुसरं यंत्र दुरुस्तीला असणारच. इतके हात पडले की लोखंडही थकतं. नेमकं आवडतं यंत्र बंद निघालं तर "ते आजारी आहे" हे आमच्या घरी चालून गेलं. पुढच्या वेळी ती त्याची चौकशी करायला आधी गेली.

निघताना

दोन तास पुरे. मूल जांभई देत नाही, उलट जास्त धावायला लागतं, खोटं हसतं, कळा नुसत्या बडवत सुटतं. हीच थकल्याची खूण. तोवर थांबलात तर भोकाड ठरलेलं. एक यंत्र बाकी असतानाच सांगा, "आता शेवटचं, मग डबा." डब्याचं नाव काढल्यावर आमच्याकडे फार वाद होत नाहीत. परतीच्या गाडीत झोपू द्या. दुपारी एक-दोनला दादरहून सुटणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते, संध्याकाळी ती मिळणार नाही.

मुंबई लांब पडत असेल तर हे केंद्र चालवणाऱ्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेचीच केंद्रं नागपुरात (रमण विज्ञान केंद्र) आणि गोव्यात मिरामारला आहेत. पिंपरी-चिंचवडचं सायन्स पार्क २०१३ पासून आहे. तिथेही चारचाच नियम लावा. अमेरिकेतली भाचे-पुतणे मंडळी मुलांना ब्रुकलिनच्या बालसंग्रहालयात नेतात. ते १८९९ सालचं, जगातलं असं पहिलं. तिथे आजोबा किती बोलतात कोण जाणे.

घरी आल्यावर

"काय शिकलीस?" हे विचारू नका. त्या दिवशी तर मुळीच नको.

जेवताना तिच्या ताटाशेजारी स्टीलचा चकचकीत डाव ठेवा. त्याबद्दल काही बोलू नका. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी तो हातात घेतला गेला. आतल्या बाजूनं चेहरा उलटा, बाहेरून सुलटा. तिनं डाव फिरवला, परत फिरवला, मग आजीच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "आजी, तू उलटी आहेस." आजी म्हणाली, आधी आमटी वाढून घे, निवतेय. पण डाव काही मिळाला नाही. आमटी त्या दिवशी वाटीनंच वाढली.